थ्री फेज कुणी मोडला

निरवांगीत कुणालाही विचारा, बँड कुणी मोडला? शेंबडं पोरसुद्धा सांगेल, बादशाह मुलाणीनं. त्या पोराच्या आईचंही तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, पण उत्तर तोंडपाठ. गावाला काही गोष्टी इतक्या पक्क्या ठाऊक असतात, की त्या खऱ्या आहेत का हे विचारायचं कुणाला सुचत नाही, आणि विचारलंच तर विचारणारा येडा ठरतो.

बादशाह म्हणजे पन्नाशी ओलांडलेला, उंच, जरा पोक काढून चालणारा माणूस. गावात त्याचा लाउडस्पीकरचा धंदा. लग्न, बारसं, उरूस, प्रचाराची सभा, जिथं म्हणून माणसाला स्वतःचा आवाज आहे त्यापेक्षा मोठा करून हवा असतो, तिथं बादशाहचा टेम्पो उभा. टेम्पोच्या पाठीवर लाल अक्षरांत 'लैला साऊंड सर्व्हिस'. लैला म्हणजे बायको. धंदा सुरू केला तेव्हा त्यानं पेंटरला हे नाव सांगितलं, तर गाव फिदीफिदी हसलं. गाडीवर आईबापाचा आशीर्वाद लिहावा, देवाचं नाव लिहावं, बायकोचं कसलं लिहितो! लैलानं मात्र ते नाव जपलं. गाडी धुताना त्या अक्षरांना ती दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही, आणि रंग उडाला की स्वतः पेंटरला बोलावून आणायची.

तर तो बँड. लाल कोट घालून वरातीपुढं चालणारा नव्हे. हा स्टेजवर उभा राहून वाजवायचा, खऱ्या इलेक्ट्रिक गिटारचा, अंगात वारं शिरल्यासारखा. नव्वद सालानंतरचा काळ. दादासो रासकर गाणारा, बादशाह गिटारवर आणि कऱ्हाटीचा जयवंता ड्रमवर. नाव ठेवलं 'थ्री फेज'. उसाच्या मोटरीला तीन फेज लागतात, एक जरी गेला तरी मोटर जळते, म्हणून हे नाव. ते दादासोनंच सुचवलं होतं. शब्द दादासोचे आणि चाली बादशाहच्या, असा सगळा संसार होता.

त्यांचं गाजलेलं गाणं म्हणजे 'लाईट आली रं, लाईट आली, बायकू रुसली नि मोटर हसली'. शेतीची लाईट तेव्हा कधीही यायची. कार्यक्रम ऐन रंगात आला की लांबून कुणीतरी ओरडायचं, 'थ्री फेज आली!' की निम्मं पब्लिक धोतरं सावरत मोटरी चालू करायला पळायचं. दुसरा कलावंत अपमान मानून उतरला असता. हे तिघं त्या पळणाऱ्यांच्या पाठीवर हे गाणं वाजवायचे, जोरात, अजून जोरात. आणि माणसं उसाला पाण्याची दारं धरून, चिखलाच्या पायांनी परत आली की जिथं सोडलं होतं तिथून पुढं कार्यक्रम. तालुक्यात असा रिवाजच पडून गेला होता.

मग ती जत्रा आली. दादासोचे वडील आबासाहेब जत्रा कमिटीचे मुख्य. माणूस तापट, शब्दाला जागणारा आणि दुसऱ्यालाही जागायला लावणारा. त्यांनी चावडीत सांगून टाकलं होतं, यंदा तमाशा नको, आमचा दादासो गाईल. आणि जत्रेच्या सकाळी दादासो पुण्याला पळाला. एका कॅसेट कंपनीच्या माणसानं त्याला एकट्याला बोलावलं होतं. बँड नको, गिटारवाला आमच्याकडं आहे, तू आणि गाणी एवढंच आण. जाता जाता तो बादशाहच्या दारात आला. डोळे सुजलेले. म्हणाला, "आबांना कळलं तर मला घरात घ्यायचे न्हाईत. तू सांभाळ. मी आल्यावर सगळ्यांम्होरं खरं सांगतो."

बादशाहनं सांभाळलं. संध्याकाळी माणसांनी पटांगण भरलं, आबासाहेब फेटा बांधून पुढं बसले, आणि बादशाहनं माइक धरला. "बँड मी मोडला," तो म्हणाला. "मला कटाळा आला. ॲम्प्लिफायर मी इकला. दादासो बिचारा रुसून गाव सोडून गेलाय." लोकांनी चपला भिरकावल्या. जयवंता त्याच्या तोंडावर थुंकला आणि काठ्या बगलेत मारून कऱ्हाटीला निघून गेला. दुसऱ्या दिवशी बादशाहनं ॲम्प्लिफायर इंदापूरला नेऊन खरोखर विकला, कारण बोललेलं खरं दिसायला हवं होतं.

दादासोची कॅसेट कधी निघालीच नाही. महिन्या-दोन महिन्यांनी तो उतरल्या तोंडानं परत आला, तर आबासाहेबांनी त्याला वेशीवरच मिठी मारली. मित्रानं दगा दिलेलं लेकरू म्हणून आयाबायांनी त्याच्यावरून भाकर ओवाळून टाकली. एवढ्या मायेत खरं बोलायला तोंड कसं उघडणार? पुढच्या जत्रेला सांगतो, म्हणाला. मग आबांची तब्येत बरी नाही, म्हणाला. मग आबा गेले, आणि मेलेल्या माणसाच्या माघारी कशाला, म्हणाला. पुढं पुढं त्यानं काही म्हणायचंच सोडलं.

बादशाह तरी का गप्प बसला? कुणी विचारलं असतं तर तो हसला असता. त्याचा हिशेब सोपा होता: गाव काहीही म्हणो, एका माणसाला खरं ठाऊक आहे, आणि तो माणूस आपला आहे. दादासो रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर येऊन बसायचा, तंबाखू मळून अर्धी त्याच्या हातावर ठेवायचा. त्या अर्ध्या चिमटीतच बादशाहला सगळं पोचायचं. बँडफोड्या म्हणून पोरं ओरडली तरी तो मान हलवून पुढं जायचा. जयवंताला झटका आला आणि तो गेला, तोही तेच मनात धरून गेला. त्या दिवशी मात्र बादशाह जेवला नाही.

आणि लैला? तिनं लग्नानंतर एकदाच विचारलं होतं, "खरंच तुमी मोडला?" तो "व्हय" म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं नाही, पण गावाशी भांडण मात्र हयातभर केलं. रेशनच्या रांगेत, पिठाच्या गिरणीत, लग्नाच्या पंगतीत, कुणी टोमणा मारला की ही पदर खोचून उभी. "मोडला तर मोडला, तुमच्या बाचा हुता का?" हाती एकही पुरावा नसताना ती त्याच्या बाजूनं लढायची, आणि हरून घरी यायची.

अशी वर्षं गेली, आणि दादासोचा मुलगा राजवर्धन पुण्याहून नाटकाचं शिक्षण घेऊन आला. त्याला थ्री फेजच्या गाण्यांवर नाटक करायचं होतं. गाणी जुनीच घ्यायची आणि त्यांच्यामधून गोष्ट ओवायची, याला म्हणे ज्यूकबॉक्स म्युझिकल म्हणतात.

"म्हंजे भेळ," बादशाह म्हणाला.

"भेळच, काका. पण चटणी तुमची पाहिजे."

पोरगं गुणी होतं. महिनाभर ते बादशाहच्या ओट्यावर गिटार घेऊन बसलं. बादशाहनं त्याला चाली शिकवल्या, कुठं तार ओढून धरायची, कुठं सोडून द्यायची ते दाखवलं. लैला दोघांना भाकरी वाढायची. गोष्ट काय आहे, हे मात्र बादशाहनं एकदाही विचारलं नाही, आणि आपणहून सांगितलं तर मुळीच नाही. ते सांगायचं दादासोनं होतं. शब्द त्यानं दिला होता, फोडणारे आपण कोण? पण मनातून तो पोरासारखा हरखला होता. दादासोला स्वतःच्या तोंडानं जमलं नाही, म्हणून त्यानं पोराच्या तोंडून वाट काढली असणार, असं त्यानं धरूनच टाकलं. 'बघ तू,' तो लैलाला एवढंच म्हणाला, 'ह्या नाटकानंतर गाव वेगळं बोलंल.'

पहिला खेळ बारामतीला, रविवारी दुपारी. लैलाच्या माहेरी बारसं होतं म्हणून ती गेली नाही. बादशाह इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून पुढच्या रांगेत दादासोशेजारी बसला. आपल्याकडं पडद्याआधी सत्कार हवेतच. नाटक नसलं तरी चालेल, शाल हवी. बादशाहलाही शाल आणि नारळ मिळाला. निवेदक म्हणाला, "थ्री फेजचे एक आधारस्तंभ." टाळ्या पडल्या. बादशाहनं शाल काढली नाही, तशीच खांद्यावर ठेवून बसला.

पहिला अंक बहारीचा झाला. 'लाईट आली' सुरू झालं तसं नाट्यगृह उठून नाचायला लागलं. ऐन गाण्यात दोन-चार जणांच्या खिशात फोन वाजले, खरोखरच शेतावर लाईट आली होती. पण आता कोण पळतंय, त्यांनी नाचता नाचता फोनवरचंच बटण दाबून मोटरी चालू केल्या. बादशाह हसला. दादासोनं त्याच्या मांडीवर थाप मारली.

दुसऱ्या अंकात जत्रा आली. गिटारवाल्याचं नाव ठेवलं होतं सुलतान. डोळ्यांत सुरमा, ओठावर तिरकं हसू. त्यानं गुपचूप ॲम्प्लिफायर विकला, गाणाऱ्या दौलतला खोटा निरोप धाडून परगावी पाठवलं, आणि मग तो जत्रेच्या स्टेजवर चढून माइकमध्ये म्हणाला, "बँड मी मोडला. मला कंटाळा आला."

वाक्य तेच होतं. बादशाहचंच. जे त्यानं चपला खात मित्रासाठी म्हटलं होतं, ते हा नट दात विचकून म्हणत होता. बादशाहच्या कानात शिट्टी वाजायला लागली. त्यानं वळून दादासोकडं पाहिलं. दादासो रुमालानं डोळे पुसत होता. तो रडत होता आणि मनापासून रडत होता, आपल्यावर झालेल्या अन्यायानं. बादशाहला तेव्हा कळलं, की ज्या एका माणसाला खरं ठाऊक होतं, त्यालाही आता ते ठाऊक नाही.

मागच्या रांगेत एक बाई म्हणाली, "मेल्याला चपलीनं हाणला पायजे." तिच्या शेजारचे गुरुजी म्हणाले, "घरचाच माणूस घात करतो, दुसरा कोण करणार?" खेळ संपल्यावर बाहेर वडापावच्या गाड्यापाशी एकानं बादशाहचा हात धरून जोरजोरात हलवला. "मूळचे तुमीच ना? लय भारी काम केलं हो त्यानं तुमचं. असला राग आला मला तुमचा!" तो खरोखर कौतुकानं बोलत होता.

नाटकवाल्यांची प्रतीक्षा नावाची मुलगी मोबाइल धरून प्रत्येकाचं मत घेत होती. 'एकच नंबर', 'अंगावर काटा आला', 'सुलतान डोक्यात गेला' अशी मतं गोळा करत ती बादशाहपाशी आली. "काका, एका वाक्यात सांगा, कसं वाटलं?"

"आवाज जरा फुटत हुता," बादशाह म्हणाला. "मागच्यांना शब्द कळले नसतील."

दोघं दादासोच्या गाडीतून घरी निघाले. मग दादासो म्हणाला, "नाटक हाय रं ते. नाटकात कुणीतरी वाईट लागतंच."

"लागतंय की," बादशाह म्हणाला. "मीच का लागलो, एवढंच इचारतो."

दादासोनं काच खाली घेऊन बाहेर पाहिलं. "सांगणार हुतो पोराला. पण त्यो लय रंगला हुता त्या गोष्टीत. आबांचा सीन बघितलास न्हवं? म्हातारा जिवंत उभा केलाय. ते कसं मोडू?"

नाटकाचा बोलबाला झाला. गावाच्या ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. ज्यांनी पाहिलं त्यांनी मतं टाकली, ज्यांनी नाही पाहिलं त्यांनी जास्त टाकली. कुणी बादशाहचा टेम्पो आणि सुलतानचा फोटो शेजारी-शेजारी चिकटवून टाकला. लैलानं तो पाहिला आणि फोन पालथा ठेवला. "तुमी म्हनत हुता, गाव वेगळं बोलंल," ती म्हणाली. "हे तर जुनंच बोलतंय, फकस्त आता तिकीट काढून."

आणि मग पुण्याच्या पेपरात परीक्षण आलं. उत्कर्षा नावाच्या कुणी बाईनं लिहिलं होतं. गाण्यांची तारीफ, नाचांची तारीफ, पहिल्या अंकाची तारीफ. शेवटी मात्र असं: 'नाटकाचा कणा असलेला विश्वासघातच पटत नाही. पहिल्या अंकात मित्राचा आवाज उठून दिसावा म्हणून स्वतःची गिटार हळू करणारा सुलतान दुसऱ्या अंकात बँड का मोडतो, याचे उत्तर लेखकाकडे नाही. असा माणूस असे करणार नाही, असे शेवटपर्यंत वाटत राहते.'

बादशाह ते टेम्पोत बसून वाचत होता. गिटार हळू करणं, ते त्यानंच राजवर्धनला शिकवलं होतं. दादासोचा वरचा सूर लागायचा नाही, म्हणून तिथं आपण दबायचं. असा माणूस असे करणार नाही. आख्ख्या जगात हे एवढं एक माणूस बोललं, आणि ते कधी न पाहिलेलं, पुण्यात बसलेलं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं ड्रायव्हरच्या बाजूची काच वर केली आणि पोटभर रडून घेतलं.

गावाचं मत निराळं. पुण्याच्या बाईला काय कळतंय, आमी डोळ्यांनी बघितलंय, असं दादासोचं म्हणणं, आणि गावाचंही. पण राजवर्धनला ते परीक्षण झोंबलं. पंधरवड्यानं इंदापूरचा खेळ होता. तो बापाला घेऊन सरळ बादशाहच्या ओट्यावर आला.

"बादशाहकाका, राग मानू नका. त्या बाई बरोबर म्हणतात. मला कारण पाहिजे. तुम्ही बँड का मोडलात?"

लैला आत चहा करत होती. बादशाहनं दादासोकडं पाहिलं. त्याला वाटलं, आता. पोरगं समोर आहे, तिसरं कुणी नाही, इतकी सोपी वेळ देवानं पुन्हा काढून दिली नसती.

"दादासो, सांग की," तो म्हणाला.

दादासोनं घसा खाकरला. तंबाखूची डबी काढली, परत ठेवली. मग म्हणाला, "लग्न, दुसरं काय? लैलाच्या माहेरच्यांनी अट घातली हुती. वाजवनाऱ्याला पोरगी देत न्हाय म्हनले. ह्यो तिच्यापायी येडा झालावता. काय रं?"

राजवर्धन उठून उभाच राहिला. "अहो, मग हे आधी का नाही सांगितलंत! मुलगी म्हणते, गिटार किंवा मी. काय सीन होईल! काका, वापरू ना? लैलाकाकूंची हरकत नाही ना?"

 दादासोनं बादशाहचा हात घट्ट धरला आणि कानाशी लागून म्हणाला, "पोराचं पैलंच नाटक हाय. इंदापूरला शेवटी मी बोलायला उभा ऱ्हातो. माइकवर, सगळ्यांम्होरं. खरं काय ते सांगतो. आबांची शप्पथ."

आबांची शपथ दादासोनं याआधी कधी घेतली नव्हती. बादशाह राजवर्धनला म्हणाला, "वापर."

लैला चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं कप ठेवले आणि आत गेली. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "माजा भाऊ तर तुमच्या गान्यावर नाचायचा. त्यानं कसली अट घातली?" बादशाह म्हणाला, "इंदापूरला ये. तितं सगळं कळंल." तिनं रिकामे कप उचलले. "बरं," म्हणाली.

इंदापूरच्या खेळाचा साऊंड बादशाहकडंच होता. बारामतीसारखा आवाज फुटू द्यायचा नाही म्हणून त्यानं सकाळपासून वायरी ओढल्या, प्रत्येक माइक स्वतः बोलून पाहिला. दुपारी माणसं आली. लैला शेजारच्या शकुबाईबरोबर मधल्या रांगेत बसली, नवं लुगडं नेसून. बादशाह सगळ्यांत मागं, मिक्सरवर.

नव्या सीनमध्ये मुलीचं नाव शबनम होतं. ती ठुमकत आली, सुलतानच्या गळ्यातली गिटार काढून घेतली आणि जुन्याच एका गाण्यावर म्हणाली, हिला ठेव नाहीतर मला. प्रेक्षकांचं मत क्षणात फिरलं. बारामतीला ज्याला चपलेनं मारत होते, त्याची इंदापूरला कीव करायला लागले. "पोरगं चांगलं हुतं," कुणी म्हणालं, "बाईनं घालवलं." दुसरं म्हणालं, "बाईमाणूस मधी आलं की दोस्ती संपलीच." आणि मग एका म्हातारीनं सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, "ती बगा, ती हितंच बसलीया. मुलान्याची लैला." माना वळल्या. शकुबाईनं लैलाच्या हातावर हात ठेवला. लैलाची पाठ ताठ होती, ती हलली नाही. बादशाहला मागून तिचा पदर तेवढा दिसत होता.

'जरा थांब,' तो मनात म्हणत होता. 'आता दादासो बोलतोय.'

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. राजवर्धननं बापाला वर बोलावलं. दादासो फेटा सावरत माइकपाशी आला. बादशाहनं त्याच्या माइकचा आवाज हळूच वर घेतला, खरखर काढून टाकली, दादासोचा घसा जिथं बसतो तिथं जरा गोडवा भरला. आजपर्यंत कुणाच्या माइकची इतकी निगा त्यानं केली नव्हती.

"लोकहो," दादासो म्हणाला, "आज मनातलं बोलतो." आणि थांबला.  त्यानं मागं, मिक्सरच्या दिशेनं पाहिलं. लाइटांमुळं त्याला काही दिसलं असेल असं नाही. "बादशाह माजा मैतर हाय. तरुनपनी मानूस चुकतो, बाईच्या शब्दाला भुलतो. पन म्या मनात काय ठेवलं न्हाय. आज तुमच्या साक्षीनं सांगतो, म्या त्याला माफ केलंय."

सभागृह उभं राहिलं. माणसं डोळे पुसत होती. मनाचा केवढा मोठा माणूस, असं जो तो म्हणत होता. आणि आवाज कसा स्वच्छ होता! शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही शब्द न शब्द कळला.

बादशाहनं खटके बंद केले आणि वायरी गुंडाळायला घेतल्या. त्याचे हात नेहमीसारखे चालत होते. सभागृह रिकामं झालं तेव्हा लैला खुर्च्यांमधून वाट काढत त्याच्यापाशी आली.

"कसली माफी दिली त्यानं?"

"लैला, बँड मी न्हाय मोडला," बादशाह म्हणाला. आणि वायर हातात तशीच ठेवून त्यानं तिला सगळं सांगितलं. पुणं, कॅसेट, जत्रेची सकाळ, सुजलेले डोळे, शब्द. आयुष्यात पहिल्यांदा तो हे कुणाला सांगत होता. त्याला वाटलं होतं, सांगितलं की छाती हलकी होईल, ती जवळ येईल, दादासोला चार शिव्या घालेल. दादासोला शिव्या घालणारं कुणीतरी त्याला त्या घटकेला फार हवं होतं.

लैलानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जयवंता गेला तवा म्या कऱ्हाटीला त्याच्या बायकूला भेटाया गेलेवते. तिनं मला दारातनं परत लावलं. म्या एष्टीत बसून रडत घरी आले. तवा तुमाला ठावं हुतं?"

"हुतं."

"रेशनच्या रांगंत माज्या झिंज्या वढल्या, तवा?"

त्यानं हातातली वायर खाली ठेवली.

"आन परवा त्या पोरानं इचारलं, काकूचं नाव घालू का. तवा तुमी 'वापर' म्हनला."

"दादासोनं शब्द दिलावता गं. शेवटी खरं सांगतो म्हनला. आबांची शप्पथ घेतली."

"त्यानं तुमाला फसवलं, ते मला दिसतंय," लैला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच बादशाहला भीती वाटली. "पन तुमी त्याच्या भरवशावर माजं नाव दिऊन टाकलं. तुमचं न्हवतं ते."

तेवढ्यात प्रतीक्षा मोबाइल घेऊन आली. तिला बिचारीला काय ठाऊक. "काकू, एका वाक्यात, नाटक कसं वाटलं?"

लैलानं पदर नीट केला. "चांगलं हाय," ती म्हणाली. "समद्यांना पटलं."

मुलगी आभार मानून गेली. लैला दाराकडं निघाली, आणि दारात थांबून, मागं न बघता म्हणाली, "गाडीवरचं माजं नाव पुसून टाका."

बादशाहनं पेट्या एकट्यानं टेम्पोत चढवल्या. ती पुढच्या सीटवर जाऊन बसली होती, समोर बघत. रस्त्याच्या पलीकडं दादासोभोवती माणसांचा गराडा होता, कुणी पाया पडत होतं, कुणी फोटो काढत होतं. बादशाहनं मागची फळी लावली. तिच्यावरची लाल अक्षरं उन्हात लखलखत होती. रंग यंदाच नवा दिला होता, तोही लैलानं पेंटरपाशी दिवसभर उभं राहून लावून घेतला होता. टेम्पोत ओलं फडकं होतं, पण असल्या पक्क्या रंगाला फडक्यानं काही होत नाही. त्याला तासूनच काढावा लागतो.